करंजओढ्याचा कागद

तो कागद मी लपवला. हे वाक्य इतक्या वर्षांत मी मनातल्या मनात कितीदा तरी लिहिलं आणि दर वेळी त्यात काहीतरी घुसडलं. कधी ‘घाईत’, कधी ‘नकळत’, कधी ‘कामाच्या व्यापात’. यातलं काहीच खरं नाही. भर दुपारी, दार लोटून घेऊन, पूर्ण शुद्धीवर असताना मी तो लपवला. त्यामुळे मिरज लाइनीवर कोल्हापूरच्या कडेला रेल्वेचा जो लहानसा हॉल्ट आहे, त्याच्या पिवळ्या पाटीवर आज खोटं नाव आहे. ते नावही मीच दिलेलं. आणि हे सगळं केलं ते एका माणसापायी. त्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. तो माझ्याहून मोठा आहे हे मला सोसत नव्हतं, एवढंच.

ऑफिसात सगळे त्यांना आण्णा म्हणत. मीही इथं तेवढंच लिहितो. त्यांचं पूर्ण नाव लिहायचा हक्क मी गमावला आहे असं मला वाटतं.

आण्णा आमच्या जिल्हा कचेरीच्या तळमजल्यावर दप्तरखान्यात बसत. संस्थानच्या काळापासूनचे मोडी कागद तिथं कापडात बांधून फडताळांवर रचलेले होते. अशा एका गाठोड्याला रुमाल म्हणतात. हजारो रुमाल, सगळ्यांचं कापड एकाच मळक्या तांबड्या रंगाचं. आण्णा मॅट्रिकला दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा गणितानं त्यांना परत पाठवलं होतं. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो होतो, सेकंड क्लासमध्ये. माझं टेबल वरच्या मजल्यावर, पंख्याखाली. तरी जिल्ह्यातला कुठलाही माणूस काही जुनं विचारायला आला की शिपाई त्याला माझ्यासमोरून खाली घेऊन जाई. “पावणं, हितं न्हाय, खाली. आण्णांच्याकडं.” हे ‘हितं न्हाय’ दिवसातून चार-पाच वेळा माझ्या कानांवर पडे.

आण्णांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत कडुलिंबाचा पाला असे. तो ते रुमालांत घालत, कसर लागू नये म्हणून. पण बोलता बोलता एखादं पान तोंडातही टाकत, आणि समोरच्यालाही देऊ करत, सुपारी द्यावी तसं. सकाळी कचेरीत येण्याआधी गंगावेशीत म्हशीच्या धारेखाली पेला धरून उभ्या उभ्या दूध प्यायचे आणि पांढऱ्या मिशीनं तसेच येऊन बसायचे. मिशी पुसा म्हटलं तर म्हणायचे, “ऱ्हाऊ दे की. म्हशीचा शिक्का हाय त्यो.”

कागद हातात आला की वाचायच्या आधी त्याचा वास घ्यायचे. वासावरून म्हणायचे, “ह्यो पुरात भिजल्याला. शिरोळकडनं आलाय.” मग वाचून बघावं तर शिरोळचाच निघे. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या कारकुनांविषयी ते शेजारच्या टेबलावरच्या माणसांसारखं बोलत. “ह्यो बाबाजी सकाळचं लई झ्याक लिवतोय. दुपारच्याला जेवला की अक्षर पसरतंय बघा त्येचं.” एका कारकुनावर तर त्यांचा कायमचा राग होता. तो गावांची नावं अर्धी लिहून सोडायचा. आण्णा दप्तरखान्यात एकटे असताना त्याला मोठमोठ्यानं शिव्या देत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खाली कुणाशी तरी जुंपलीय.

लोक याला हसायचे, पण प्रेमानं हसायचे. माझ्यावर कुणी कधी प्रेमानंसुद्धा हसलं नाही.

मी चोरून मोडी शिकायचा प्रयत्न केला होता. तीन महिने घरी पुस्तक समोर ठेवून बसलो. अक्षरं ओळखू आली. पण जुना कागद समोर आला की सगळी रेघ वाहत्या पाण्यासारखी दिसायची, कुठं काय सुरू होतं आणि कुठं संपतं कळायचं नाही. आण्णांना हे कसं समजलं कोण जाणे. एक दिवस जिन्यात गाठून हळूच म्हणाले, “सांजच्याला बसत चला की माझ्याजवळ. सा म्हैन्यात वाचाय लागशीला. माझ्या मागं कुणीतरी पायजेच की.” मी म्हणालो, “मला वेळ नसतो.” आज वाटतं, माझं वाटोळं त्या जिन्यातच झालं.

घरी सत्यनारायण घातला तेव्हा रीत म्हणून सगळ्या ऑफिसला बोलावलं. मी सोवळं नेसून प्रसाद वाटत फिरत होतो, आणि बाहेरच्या खोलीत माझे सासरे, मेहुणे, शेजारी, सगळे आण्णांभोवती कोंडाळं करून बसले होते. आमच्या गल्लीच्या जागी पूर्वी काय होतं ते आण्णा सांगत होते. मी शिऱ्याचा द्रोण पुढं केला तर माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडं न बघताच हात पुढं केला. सगळे गेल्यावर बायको म्हणाली, “किती छान सांगतात हो ते आण्णा. तुम्हीपण इतिहासच शिकलाय ना?” तिनं सहज विचारलं होतं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग तो हॉल्टचा विषय आला. लाइन रुंद होऊन काही वर्षं झाली होती आणि शहराच्या कडेला एक नवा थांबा मंजूर झाला होता. लाइनीच्या उत्तरेला एक गाव, दक्षिणेला एक. दोन्ही गावांना थांब्याला आपलंच नाव हवं होतं. मारामारीपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा साहेबांनी ठरवलं, जागेचा इतिहास तपासून एक टिपण करायचं आणि त्यावरून रेल्वेला नाव कळवायचं. टिपणाचं काम माझ्याकडं आलं. नोकरीत पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचं काम. मी हरखून गेलो.

त्याच आठवड्यात एक म्हातारी मुलाला घेऊन माझ्या टेबलापुढं आली. मुलगा म्हणजे पन्नाशीचा माणूस, उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर. हाताच्या रेघांत काळी माती मुरलेली. “जय भीम साहेब,” म्हणून त्यानं अर्ज ठेवला. म्हातारी ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

“ठेसन हुतंय तितं आमचं गाव हुतं,” ती म्हणाली. “करंजओढा. माझ्या सासूनं दावलंय मला. रेल्वे आली आन गाव उठीवलं. माझ्या आजंसासऱ्याचं घर रुळाखाली हाय.”

“असं गाव नकाशात नाही, आजी.”

“उठीवल्यालं गाव नकाशात कसं आसंल?”

तिचा मुलगा म्हणाला, “साहेब, आमास्नी जमीन नको, काय नको. आता आमी बुद्धाचं झालो, तितल्या मरीआईच्या दगडाचंबी आमास्नी काय न्हाय. पर जागा ती जागाच की. म्हातारीला पाटी तेवढी बघायची हाय. गल्लीत समदी म्हंत्यात, म्हातारी खुळी हाय, नसल्याल्या गावचं सांगती.”

“पुरावा आणा,” मी म्हणालो. मला तेवढंच म्हणता येत होतं.

मागून आवाज आला. “आजी पुरावा कुठनं आणंल? पुरावा खाली आसंल की.” आण्णा कुठल्याशा फायलीसाठी वर आले होते. ते म्हातारीजवळ गेले, तिच्या हातावर कडुलिंबाचं पान ठेवलं आणि म्हणाले, “करंजओढा. झाडं कंच्या अंगाला हुती, आजी?” दोघं बोलत बोलत जिना उतरून गेली. अर्ज माझ्या टेबलावर राहिला, माणसं खाली गेली.

पुढचे तीन आठवडे आण्णा त्या एका नावाच्या मागे होते. वर्तमानपत्रात तेव्हा कलकत्त्याला जमिनीखालून रेल्वे खणतायत म्हणून छापून आलं होतं. हेडक्लार्क म्हणाले, “तिकडं जमिनीखाली ठेसनं बांधाय लागल्यात, आन आमास्नी जमिनीवरच्याला नाव सापडंना.” आण्णांनी मान वर न करता सांगितलं, “जमिनीखाली गावंच्या गावं हाईत, रेल्वेचं काय घेऊन बसलासा.” सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. हसताना दात आवळलेले होते ते मलाच जाणवलं.

आणि त्यांना कागद सापडला. ते धापा टाकत माझ्याकडंच आले, साहेबांकडं नाही. “तुमचं टिपण, तुमीच लावा,” म्हणाले. रेल्वेसाठी उठवलेल्या वस्तीची यादी होती ती. मौजे करंजओढा, अकरा घरं, एक विहीर, ओढ्याकाठची करंजं, मरीआईचा दगड. घरवाल्यांची नावं एकाखाली एक, आणि शेवटचं नाव म्हातारीच्या आजेसासऱ्यांचं. त्यांनी मला बाळबोधीत, साध्या देवनागरीत, नक्कल करून दिली आणि अस्सल कागद कुठल्या रुमालात आहे ते चिठ्ठीवर लिहून दिलं. “साहेब बघतो म्हणलं तर दावाय बरं.”

मी त्यांचे आभार मानले. आणि नक्कल ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

कारण माझं टिपण तयार होतं. दोन्ही गावांची भांडणं मिटावीत म्हणून मी एक युक्ती काढली होती. तिथं पूर्वी राजाची बाग होती, असं लिहिलं होतं मी. पुरावा काही नव्हता. दोन म्हाताऱ्यांच्या तोंडचं ऐकीव, आणि बाकीचं माझं. नाव सुचवलं होतं राजबाग. कोल्हापुरात राजाचं नाव आलं की त्याला नाही कोण म्हणणार? ते माझं होतं, मी शोधलेलं होतं. निदान मी तसं स्वतःला सांगितलं होतं. आता आण्णांचा कागद जोडला तर माझ्या पाच पानांना टाचणीएवढीही किंमत उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आण्णा डबा खायला झाडाखाली गेले. मी दप्तरखान्यात शिरलो. दार लोटलं. चिठ्ठीवरचा रुमाल काढला, गाठ सोडली, कागद घेतला. फाडावा असं मनात होतं. फाडवेना. मग पलीकडच्या फडताळावरचा हाताला येईल तो रुमाल ओढला, गाठ न सोडताच कापडाच्या फटीतून कागद आत खुपसला, पहिला रुमाल बांधला आणि दोन्ही होते तसे ठेवले. वर येऊन ड्रॉवरमधली नक्कल मात्र फाडून टाकली. दप्तरखान्यात एक कागद चुकीच्या रुमालात घालणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. तो जाळल्यासारखाच असतो. फक्त राख दिसत नाही.

बैठकीला दोन्ही सरपंच होते, म्हातारी होती, तिचा मुलगा खाडा करून आला होता. मी माझं टिपण वाचलं. आण्णा दाराशी उभे होते. माझं वाचून संपलं तेव्हा त्यांच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. “साहेब, एक कागद ऱ्हायला,” ते म्हणाले. “आत्ता आणतो.” ते गेले. आम्ही वाट बघत बसलो. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. आण्णा आले तेव्हा त्यांच्या हातात सोडलेला रुमाल होता आणि त्यात तो कागद नव्हता.

“हुता, साहेब. परवा मी वाचलाय.”

उत्तरेच्या सरपंचानं टोला हाणला, “आण्णा, सपनात वाचलासा काय?” हशा पिकला. साहेब मला म्हणाले, “तुम्ही पाहिलाय का असा कागद?”

मी म्हणालो, “नाही साहेब.” आण्णांनी मला दिलेल्या नकलेचं नाव काढलं नाही.

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती आण्णांना म्हणाली, “ऱ्हाऊ दे बाबा. तू वाचलास न्हवं? झालं.” आणि मुलाचा हात धरून उठली.

संध्याकाळी आण्णा माझ्या टेबलापाशी आले. ते प्रत्येक रुमाल डाव्या हाताच्या एका विशिष्ट गाठीनं बांधत, हे मला तेव्हा कळलं. “ह्यी गाठ माझी न्हाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “ह्यी बुटाची नाडी बांधल्यागत हाय. हापिसात बूट तुमीच घालतासा.” मी पाय टेबलाखाली ओढले. “मी कुणाला सांगणार न्हाय. कंच्या रुमालात ठेवलाय तेवढं सांगा. कागदाचं हाल नको.”

“कुठला कागद?” मी म्हणालो.

खरं सांगायचं तर त्या क्षणी सांगावं म्हटलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. कुठला रुमाल ओढला ते मलाच आठवत नव्हतं.

पाटी लागली, राजबाग. पहिले काही दिवस मी मुद्दाम तिथं जाऊन उभा राहायचो. गाडी थांबली की लोक माझं नाव वाचायचे. मला वाटायचं, आता आण्णांना कळेल मी कोण ते. पण आण्णांचं लक्षच नव्हतं. त्यांनी पहिल्या फडताळापासून एकेक रुमाल सोडायला घेतला होता. रोज आठ-दहा. नव्या साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. शिपाईसुद्धा लोकांना आता वर माझ्याकडं पाठवू लागले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी वरच्या मजल्यावर बसून मी खालच्या फडताळांचा आवाज ऐकत असे, आणि मला त्यांचा हेवाच वाटे. त्या माणसाला काय करायचं ते ठाऊक होतं. मला कधीच नव्हतं.

ते निवृत्त झाले तेव्हा निम्मे रुमाल व्हायचे होते. निरोपाचं भाषण मी केलं. चांगलं झालं, असं सगळे म्हणाले.

माझी बदली शाहूवाडीला झाली, मग परत कोल्हापूर. एव्हाना हॉल्टजवळ राजबाग सोसायटी उभी राहिली, राजबाग मिसळ निघाली. एक दिवस माझी मुलगी शाळेतून आली आणि सांगू लागली, “बाबा, तिथं राजाची बाग होती, माहितीय? राजा हत्तीवरून यायचा.” हत्ती मी लिहिला नव्हता. तो लोकांनी आणला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शाहूपुरीत आण्णांच्या घरी गेलो. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे अधू झाले होते. मी सगळं सांगितलं. सांगताना रडलो. आण्णा चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत राहिले.

“म्हाईत हाय की,” ते म्हणाले.

“मग साहेबांना का नाही सांगितलंत?”

“तुमची नोकरी गेली असती. कागद आला असता व्हय?” मग म्हणाले, “मोडी शिकला असतासा तर ह्ये झालंच नसतं. तुमास्नी वाचाय आलं असतं, तर लपवावं वाटलंच नसतं.”

“आण्णा, मला माफ करा.”

“माझ्याकडं काय मागतासा? माझं काय गेलं? मी वाचल्यालं माझ्याजवळ हाय. अकराच्या अकरा नावं हाईत.” आणि त्यांनी ती डोळे मिटून, क्रमानं, म्हणून दाखवली. “म्हातारीच्या घरी जावा. ती मागं वारली, पर पोरगा हाय. ही नावं लिवून घ्या आन घेऊन जावा.” मी लिहून घेतली. एवढं सगळं होऊनही त्यांच्या आवाजात राग नव्हता. तिथं बसल्या बसल्या, डोळ्यांत पाणी असताना, मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला. हेही लिहून टाकतो.

म्हातारीचा मुलगा दारातच होता. फाउंड्रीतून निवृत्त झालेला, खाटेवर बसून पोत्याला टाके घालत होता. त्यानं मला ओळखलं. मी उभ्या उभ्या सांगायला लागलो. तो टाके घालत राहिला. कागदापाशी आलो तेव्हा त्याचा हात थांबला.

“आई त्या ठेसनावनं कवाच गाडीत बसली न्हाय,” तो म्हणाला. “तिकिटाच्या खिडकीवर जायाची आन म्हणायची, करंजओढ्यासनं मिरज एक. त्यो म्हणायचा, म्हातारे, असं ठेसन न्हाय. मग चालत मोठ्या ठेसनावर जायाची. पाक मरंस्तवर. आमीबी तिला खुळीच म्हणाय लागलतो, साहेब. मीबी.”

मी अकरा नावांचा कागद पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. उठला, आत हाक मारली, “ए, समदी भाईर या.” बायको आली, दोन सुना आल्या, नातवंडं आली. त्यानं शेजारच्या दोन्ही दारांवर थाप मारली. “काका, या. मावशे, तूबी ये. आईला खुळी म्हणत हुतासा न्हवं? या, ऐका.” बघता बघता अंगणात वीसेक माणसं जमली.

“आता सांगा,” तो मला म्हणाला. “आन मोठ्यानं सांगा. मागच्यास्नी ऐकाय यायला पायजे.”

मी मोठ्यानं सांगितलं, “करंजओढा नावाचं गाव होतं. अकरा घरं होती. ते जिथं होतं तिथंच स्टेशन आहे. तसा कागद होता, त्याची नक्कल मी वाचली होती, कागद मीच लपवला. राजाची बाग मी खोटी लिहिली. तुमची आई खरं बोलत होती. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा.”